दुसरा स्क्रीन

निडी स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते. बापाच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला जुना कॉम्प्युटर होता, स्क्रीनमध्येच सगळं असलेला.

“दुकानवाला काय बोलला गो, दिपिका?”

“लॅपटॉपची तार जोडून उपयोग नाय. हा तारेतून चित्र बाहेर देतो, आत घेत नाय.”

“म्हणजे तुझा दुसरा स्क्रीन नाय होत?”

“वायफायवरून होईल. पण मग आधी हा सुरू व्हायला हवा, आणि हा पासवर्ड मागतो. आठवीत ठेवलेला मी, आता आठवत नाय. सगळं पुसून नवं भरायला दुकानात आठ दिवस लागतील.”

“कंपनी थांबेल आठ दिवस?”

“सोमवारपर्यंत थांबेल. घरी दोन स्क्रीन नसले तर पुण्याला येऊन काम कर, म्हणतात.”

“मग लिही. ‘बाबा हात लावू नको.’ सगळं जोडून, इंग्रजी अक्षरांत.”

“हा पासवर्ड? तुला कसा ठाऊक?”

“बटनं दाबताना मोठ्यानं बोलायचीस.”

“इतकी वर्षं घरात होता. कधी उघडून बघितलास?”

“नाय गो. तू नको बोललेलीस ना.”