पायाळू पोरीचे बूट

प्रांजली : आबा, बूट कुठं आहेत ते सांगा. पावणेसातला फाट्यावर बस येते.

रामहरी : पुरले.

प्रांजली : पुरले म्हणजे?

रामहरी : बेटावर. काल मेंढरं कोंडली अन् होडीनं जाऊन पुरून आलो. बोटांवर लोखंडी टोपी हाय त्याच्या. पायाळूच्या पायात लोखंड आलं की धन खाली सरकतं.

प्रांजली : ते सेफ्टी शूज होते. त्याच्याशिवाय वाळूजला कंपनीच्या गेटातून आत घेत नाहीत. आज पहिला दिवस आहे माझा. नाही गेले तर यादीतल्या पुढच्या पोरीला फोन जाईल.

रामहरी : जाऊ दे. धरणाचं पाणी यंदा लई खाली गेलंय, बेट निम्म्याच्या वर उघडं पडलंय. पाय आधी घालून जन्मलेल्या माणसाला जमिनीतलं धन कळतं. पंधरा दिवस तिथं अनवाणी उभी राहा. गढीवाल्याचे सात रांजण हायेत.

प्रांजली : कुणी बघितलेत?

रामहरी : कुणीच नाय. म्हणून तर अजून तिथंच हायेत.

प्रांजली : पाच वर्षांची होते तेव्हापासून उन्हात उभी करताय. एकेचाळीस खड्डे झाले.

रामहरी : समदे तूच दाखवलेले.

प्रांजली : मी सावली दाखवत होते, आबा. बाभळीची.

रामहरी : तरीच. समदे खड्डे त्या एका बाभळीभवतीच निघाले.

सखूबाई : खणून खणून ती बाभळ बी पाडली ह्यांनी.

प्रांजली : तू थांब आई. आबा, बूट कुठल्या खड्ड्यात आहेत?

रामहरी : अंधार पडला होता. ध्यानात येईना.

प्रांजली : म्हणजे त्या बेटावर पहिल्यांदा खरंच काहीतरी पुरलेलं आहे, अन् तेही तुम्हाला सापडत नाही.

रामहरी : तू उभी राहा, सापडंल.

प्रांजली : बाजूला व्हा. चपलेवर जाते. गेटवर कुणाचे तरी पाय धरीन.

रामहरी : उंबऱ्याबाहेर पडायचं नाय. यंत्रात पाय गेला म्हंजी?

सखूबाई : सोडा तिला. ती पायाळू नाय.

रामहरी : काय?

सखूबाई : डोक्याकडनं आली, चारचौघींच्या लेकरांसारखी. साळूबाई सुईण होती, तिला मीच गप बसवली.

रामहरी : डोक्याकडनं म्हंजी, आख्खं डोकं?

सखूबाई : आख्खं. केसासकट. पोरगी झाली म्हणल्यावर तुम्ही दारातनंच मेंढरांकडं वळले. तोंड बी बघितलं नाय. मी आतनं म्हणले, पायाळू हाय. तवा माघारी आले.

रामहरी : एकवीस वर्षं झाली, सखू.

सखूबाई : एकवीस वर्षं तिच्या पायाला काटा लागू दिला नाय तुम्ही. खांद्यावर बसवून शाळंत नेली. आपल्यात कुठल्या पोरीला मिळालं हे?

प्रांजली : आणि मी तिथं भाजत होते, तेव्हा तू गप्प बसलीस.

सखूबाई : बोलले असते तर शाळा गेली असती. उन्हाळा काय, दोनच महिने असतो.

प्रांजली : तू एकदा तरी उभं राहायचं होतंस त्या उन्हात.

(रामहरी दारातून बाजूला होतो, पण तिच्याकडं बघतच राहतो.)

प्रांजली : आता काय बघताय? पाय खाली आहेत.

रामहरी : पाय नाय बघत. कपाळावरची ही खोक कधीची गं?

प्रांजली : सहावीतली. तुमच्याच कुदळीची.