न पाहिलेला हिरो

अगं, मी, सासूबाई आणि शेजारच्या शोभाताई, आम्ही तिघींनी वर्गणी काढून मोबाईलवर मालिकांचं ॲप घेतलं, पण बघितलं कधीच नाही, नुसतं ऐकलं. साड्यांवर खडे चिकटवताना मान वर कोण करणार? खडा वाकडा बसला की शेठ साडी परत पाठवतो. मोबाईल गोंदाच्या डब्याला टेकवायचा, एकामागून एक भाग सुरू, आणि आमच्या माना खाली. त्या हिरोचा आवाज असा, की अख्खी दुपार आपोआप उतरून जायची.

एक दिवस शेठकडून माल आलाच नाही. म्हटलं, चला, आज निवांत बघू.

शोभाताई म्हणाल्या, "हा जाडा कोण?"

"आवाज ओळखा ना, हाच तो," मी म्हटलं.

"छे! तो उंच आहे, सावळा. त्याचे केस कपाळावर येतात."

"केस कुठले?" सासूबाई म्हणाल्या. "त्याला मिशी आहे. शर्टाला सुताचा भुगा चिकटलेला असतो."

आमचे सासरे शेवटपर्यंत लूमवर, कापड विणायला होते गं.

शोभाताईंनी हळूच मोबाईल पालथा घातला. हातात काम नव्हतं, तरी तिघी माना खाली घालून ऐकत बसलो. मध्येच सासूबाईंनी विचारलं, "तुझा कसा दिसतो?"

मी नाही सांगितलं. तुलाही नाही सांगणार. तू आमच्या ह्यांना ओळखतेस.