दुधी दोघांनी खाल्ला, वजन माझंच वाढलं

...आता बायकोसमोर इचारायचं का हो डॉक्टरनं असलं? मला एकट्याला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं... म्हंजे खोटंच सांगितलं असतं, पर गुपचूप मिटलं तरी असतं!

तुमाला सांगतो, मी सरदार, अंथुर्ण्यात माझं चपलांचं दुकान हाय. छातीत कळ आली म्हणून सितारानं, म्हंजे आमच्या घरच्यांनी, मला बारामतीला हार्टच्या डॉक्टरकडं नेलं. जिना चढताना तीन ठिकाणी थांबलो. वर गेलो तर वजनाचा काटा. एकशे अठरा किलो! आन् ती नर्स केवढ्यानं वाचती हो? बाकड्यावरची समदी वळून बघाया लागली... लाज वाटली हो, मेल्याहून मेल्यासारखं झालं!

डॉक्टर म्हणाले, "जेवता काय?" माझ्याआधी सिताराच बोलली, "सा महिनं झालं सायेब, एक भाकरी आन् उकडलेला दुधी. ह्यांना एकट्याला गिळवत न्हाय, म्हणून मी बी त्येच खाती." डॉक्टरनं तिला बी काट्यावर चढवलं, सा महिन्यांमागं आमी दोघं बी तपासून गेलो हुतो, त्यो कागद काढला... तिचं नऊ किलो उतरलेलं, माझं अकरा चढलेलं!

मग समजावत बसले. "सरदारभाई, चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन निघतं. ते मेंदूला सांगतं, साठा भरलाय, आता पुरे. चरबी वाढली की लेप्टिनही वाढतं, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो. भूक काही थांबत नाही. वर लेप्टिन सतत चढलेलं राहिलं तर बीपी वाढायला, रक्तवाहिन्यांना सूज यायला हातभार लागतो. भोगतं ते हृदय."

मला तर हायसंच वाटलं! म्हणलं, "म्हंजे दोष हार्मोनचा हाय, माझा न्हाय!"

"दोषाचं राहू द्या. पण दुधी खाऊन अकरा किलो वाढत नाही. आणखी काय खाता?"

आता काय सांगू? सितारा माझ्याकडं बघतीया... तिच्या बांगड्या पार कोपराकडं घसरत हुत्या, आन् सा महिन्यांत मला दिसलंच नव्हतं हो! तोंडातनं निघालंच, "स्टँडवर... भजी. रोज. दोन प्लेटी." लाज वाटली हो, मेल्याहून मेल्यासारखं झालं!

ती वरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या पुढं पुढं जिना उतरली, एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली. अंथुर्ण्याला उतरलो, तर भजीवाला म्हस्कू लांबनंच, "या सरदारभाई! नेहमीचं का?" अरं माझ्या कर्मा!

सितारा म्हणाली, "व्हय भाऊ, नेहमीचंच दे." आन् बसली की बाकड्यावर! दोन प्लेटी, तुमाला सांगतो, एकटीनं, सावकाश, चटणीसकट... मला घ्या बी म्हणली न्हाय. म्हणली असती तर मी नको म्हणलो असतो का? तीच तर लाज!

मी तिची पिशवी धरून हुबा. लोक बघत्यात, कुठंतरी बघाया पायजे न्हवं? पिशवीतला माझा रिपोर्ट काढला, वाचाया लागलो... समदा इंग्रजीत!