रिकामा डबा

सोलापूरची एसटी यायची होती. शिकायला गेलेल्या लेकांचे जेवणाचे डबे परत घ्यायला वैरागच्या स्टँडवर दोघी उभ्या होत्या. रंभाबाईंचा लेक मेडिकलला, अमिनाचा इंजिनिअरिंगला.

“तुज्या पोराचं बरं हाय, अमिना. नुसत्या रेघा मारायच्या.”

“नुसत्या? एक रेघ हलली की मास्तर अख्खा कागद फाडतो, आक्का. पुन्ना पैल्यापासनं.”

“कागदच की. माज्या पोराला मढी चिराय लावत्यात. तवापासनं भाकरी तशीच परत येतीय.”

“आमचा डबा चाटूनपुसून येतो.”

“म्हनून म्हनते, डाक्टरकीच अवघड.”

“आली गाडी. घ्या तुमचा डबा.”

“हलका लागतोय गं!”

“उघडा की.”

“भाकरी न्हाय. कालवणाचा थेंब न्हाय. बोटं फिरवल्यात कडंनं!”

“झाला की डाक्टर!”

“गप. उद्या दोन भाकरी जास्त थापते.”