भरल्याबिगर सुटत न्हाई

गड्या, चा पी, पर विमानाचं नाव काढू नगंस. आनीबानी उठली त्या साली मला दुबईत गवंडीकाम लागलं. विमान सवस्तातलं. सोडायला आबा, म्हंजी माझा बाप. वाटंत शिरवळला आत्यानं कोंबडं कापल्यालं.

"आवं आबा, उशीर हुतोय!"

"जेव निवांत. सवस्तातलं विमान, आपल्या पलूसच्या जीपगत. भरल्याबिगर सुटतंय व्हय?"

मुंबईला पोचलो तर विमान गेल्यालं. आबानं साहेबाला इचारलं, "भरलं हुतं का?"

"एक जागा रिकामी होती."

माझीच. नोकरीबी गेली.

परत येताना कराडात पलूसच्या जीपमदी बसलो. जीप जागची हलंना. डायवर म्हनला, "एक शीट कमी हाय. भरल्याबिगर सुटत न्हाई."

आबा टावेलात तोंड घालून रडाय लागला.