पांढऱ्या सोफ्याचं आख्यान

मंडळी, एक सांगा — घर कुणासाठी सजवायचं? राहणाऱ्यासाठी, की बघणाऱ्यासाठी? राहणाऱ्यासाठी म्हणताय? खोटं! पुढं ऐका!

सांगलीत पूर्वी घर कोण सजवायचं? सुतार! कपाट कुठं, खुंटी कुठं — सगळं तोच ठरवायचा. अशा गावात ऊर्मिला आरवाडेनं पाटी लावली : ‘इंटिरियर डेकोरेटर’. लोक म्हणाले, ‘‘पडदेवाली दिसते!’’ वडिलांचं भांड्यांचं दुकान. ते म्हणाले, ‘‘डॉक्टर पाच्छापुऱ्यांच्या नव्या दवाखान्याचं काम मिळालं तर ठीक. नाहीतर पाटी उतरव, गल्ल्यावर बस!’’

डॉक्टर म्हणाले, ‘‘आधी केलेलं काम दाखव.’’ केलेलं काम एकच — मगदूमकाकूंचा फ्लॅट. गेली डॉक्टरांना तिथं घेऊन.

काय तो हॉल! पांढराशुभ्र सोफा, थेट मासिकातला! अन् त्यावर? प्लास्टिक! घरातली सगळी माणसं खाली चटईवर शेंगा फोडत बसलेली. काकूंनी डॉक्टरांना घडीची खुर्ची दिली.

‘‘सोफ्यावर बसू का?’’

‘‘अहो, तो पाहुण्यांसाठी!’’

‘‘मग मी कोण?’’

‘‘तुम्ही आपलेच की हो!’’

डॉक्टर ऊर्मिलाकडं वळले. ‘‘माझे पेशंटही उभेच ठेवणार का, बाई?’’

संपलं! पाटी उतरलीच म्हणा! दुसरी असती तर काकूंवर घसरली असती. हिनं विचारलं, ‘‘काकू, बसत का नाही?’’

‘‘मळंल की! पांढरा तूच निवडलास, पोरी. आम्हाला कुठं विचारलंस?’’

‘‘नाही विचारलं,’’ ऊर्मिला म्हणाली. ‘‘फोटो चांगला येतो म्हणून निवडला. चुकलं माझं.’’ मग तीही चटईवर बसली. ‘‘डॉक्टर, तुमचे पेशंट कसे बसतात हो?’’

‘‘म्हाताऱ्याच जास्त. बाक सोडून भिंतीला टेकून जमिनीवर बसतात. मग उठवत नाही. दोघांनी धरावं लागतं.’’

‘‘मग बाक काढू. भिंतीलगत बुटका, रुंद कट्टा करू. मांडी घालता येईल, पाठ टेकेल, अन् उठताना धरायला कठडा.’’

डॉक्टरांनी वाकून चटईवरची एक शेंग उचलली. फोडली. म्हणाले, ‘‘सोमवारी माप घ्यायला ये.’’

आता हसताय! तुमच्या हॉलमध्ये काय आहे? काचेच्या कपाटातले कप कुणी ओठाला लावलेत? रोज आळवता — देवा, घरी ये! आणि खरंच आला तर? ‘‘पाय पूस, चादर चुरगाळू नकोस!’’ अहो, तो जिन्यातूनच परत फिरेल! आज घरी गेलात की त्या कपांतून आधी तुम्ही चहा प्या. एखादा फुटू दे. मग खुशाल हाक मारा त्याला — जय जय विठ्ठल!