हायवेवरचं देऊळ आणि माझा उजवा हात

...आणि वर म्हणतात काय, "विश्राम, तुझ्यामुळे पोरगी नापास झाली!" माझ्यामुळे? अहो, मी गाडीत तरी होतो का? मी ड्रायव्हिंग टेस्टच्या ऑफिसाबाहेर बाकावर बसलो होतो, हातात कॉफी, शेजारी एक पेलिकन. तुम्हाला सांगतो, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे, शपथ घ्या माझ्याकडून! म्हणजे... पेलिकन नव्हता. आयबिस होता, तो आपला कचऱ्याच्या डब्यात चोच घालणारा पांढरा पक्षी. आणि कॉफीही नव्हती, ती त्याने सांडली होती. पण बाकी सगळं खरं!

तर आमची निहारिका, वय सतरा. घोड्यांचं वेड. आमच्या सात पिढ्यांत घोड्यावर कोणी बसलं असेल तर ते लग्नाच्या वरातीत, तेही खाली चार जणांनी धरून, पण हिला घोडे! शहराबाहेर, रिचमंडच्या पुढे घोड्यांचा एक दवाखाना आहे, तिथे तिला नोकरी लागली. एक तारखेपासून, सकाळी साडेसहाची शिफ्ट. आणि त्या रस्त्याला बस नाही, ट्रेन नाही, काही नाही. मालकीणबाईंनी साफ सांगितलं, "लायसन्स असेल तर ये, नसेल तर सॉरी, लव्ह." म्हणजे टेस्ट पास तर घोडे, नापास तर काही नाही.

बरं, पोरगी हुशार. नियम पाठ. वेंटवर्थव्हिलच्या त्या गर्दीच्या मेन स्ट्रीटवर, जिथे आपले लोक मेथीची जुडी दिसली की इंडिकेटर न देता थांबतात, तिथे ती पॅरलल पार्किंग करते! मला वीस वर्षांत जमलं नाही. मी दोन गल्ल्या पलीकडे लावतो आणि म्हणतो, चालणं तब्येतीला चांगलं.

टेस्टला निघाली. टेस्टवाल्या बाई शेजारी, मांडीवर टॅब. गाडी हायवेला लागली. आता त्या हायवेवर आहे एक देऊळ. गाडी साठच्या स्पीडला, देवळाचं शिखर दिसलं, आणि आमच्या कन्येने काय करावं? उजवा हात स्टिअरिंगवरून उचलला, कपाळाला लावला, छातीला लावला, डोळे क्षणभर मिटले, आणि हात परत जागेवर!

बाई म्हणाल्या, "व्हॉट वॉज दॅट, लव्ह?"

ही म्हणते, "ओह, यू जस्ट डू दॅट हिअर."

म्हणजे तिला वाटलं, तो रस्त्याचा नियम आहे! शाळेजवळ चाळीस, देवळाजवळ हात! हे मी तिला शिकवलं? मुळीच नाही! मी फक्त... रोज करायचो.

पुढे राउंडअबाउट. एक यूटवाला, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीवाला, मध्ये घुसला. आता ही मुलगी घरात मराठीचा एक शब्द बोलत नाही. "निहारिका, पोळी हवी?" "नाह, आय'म गुड." आजी फोनवर रडकुंडीला येते, नात "हाय आजी, बाय आजी." आणि त्या यूटवाल्याला बघून काय म्हणाली असेल? खणखणीत, शुद्ध मराठीत: "ए शहाण्या! बापाचा रस्ता आहे का?"

बाईंनी अर्थ विचारला. पोरगी प्रामाणिक हो, आईवर गेलीय. तिने भाषांतर करून सांगितलं! "इट मीन्स, इज धिस युअर फादर्स रोड?" बाई म्हणाल्या, "हूज फादर्स?" तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं? हे मी तिला शिकवलं? मुळीच नाही! मी शिकवलं ते श्लोक. ते तिला येत नाहीत.

आणि मग आला सिग्नल. पिवळा झाला. कोणीही ब्रेक मारेल की नाही? हिने ॲक्सिलरेटर दाबला आणि तोंडाने, "निघेल, निघेल, निघेल..." नाही निघालं. लाल झाला. बाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली. तिथेच नापास!

मला बोलावून बाईंनी विचारलं, "हू टॉट हर, मेट?" मी म्हटलं, "हर मदर." तुम्हीही हेच म्हणाला असता.

घरी आलो. निहारिका खोलीत. दार बंद. रडण्याचा आवाज नाही, तो असता तर बरं होतं. वीणा, माझी बायको, वेस्टमीडला लॅबमध्ये असते. तिचा आवाज कधी चढत नाही, आणि म्हणूनच भीती वाटते. चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "विश्राम, आज शेजारी टेस्टवाली बाई होती म्हणून नापास होऊन घरी तरी आली. एकटी असती तर?"

मला जोक सुचेना. मला! अख्ख्या मंडळात सांगा, कोणी विश्वास ठेवणार नाही.

मी दार वाजवलं. म्हटलं, "अगं, पिवळा दिवा म्हणजे थांबायचं, पुस्तकात आहे ना?"

आतून आवाज आला, "बाबा, आय रेड द बुक फॉर अ मंथ. आय वॉच्ड यू फॉर सेव्हन्टीन इयर्स."

घ्या!

पुढची तारीख मिळाली चार आठवड्यांनी. नोकरीच्या आधी तीन दिवस. शेवटचा चान्स. वीणाने फर्मान काढलं, "आजपासून तू अशी गाडी चालवायचीस की ती बघतेय."

"आणि आतापर्यंत काय ती डोळे मिटून बसली होती?" असं मी म्हटलं नाही. ते मला नंतर सुचलं, आणि बरं झालं.

तर सुरू झालं चार आठवड्यांचं शिक्षण. फोन डिकीत! डिकीत हो, पुढच्या ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्येसुद्धा नाही, कारण तिथून त्याची टिंग ऐकू येते आणि माझी मान वळते. शाळेजवळ चाळीस म्हणजे चाळीस. एक आजीबाई बॅटरीच्या स्कूटरवरून मला ओव्हरटेक करून गेल्या, वर हात करून "नो वरीज, डार्ल!" म्हणाल्या. पिवळा दिसला की थांब. मागचे हॉर्न मारतायत, मी थांबलोय. कोणी आडवा आला तर तोंडात पेपरमिंट.

राहता राहिलं देऊळ. आता हात उचलायचा नाही आणि देवाला टाळायचं कसं? वीणा म्हणाली, "त्यात काय? गाडी पार्क कर, आत जा, नमस्कार कर, ये." गेलो. आणि तुम्हाला सांगतो, वीस वर्षं मी ज्याला गणपती समजून बाहेरून हात करत होतो, तो आत गेल्यावर त्याचा भाऊ निघाला! तामिळ लोकांचं देऊळ. त्यांनी काही मनावर घेतलं नाही, द्रोणभर भात दिला. मग रोजच आत. चार आठवड्यांत तीन किलो वजन वाढलं. हे कोणाकडे बोलायचं?

टेस्टचा दिवस. मी परत बाकावर. पाऊण तासाने गाडी आली. निहारिका उतरली, चेहऱ्यावर काहीच नाही, मी बाकावरून उठलो... आणि तिने पाठीमागून लाल पी-प्लेट काढली, नव्याने पास झालेल्यांनी गाडीला लावायची ती पाटी!

मी पहिलं काय विचारावं? "देवळापाशी?"

"बोथ हँड्स ऑन द व्हील, बाबा. आय सेड इट इन माय हेड."

"आणि यूटवाला?"

"ही वॉज देअर अगेन!" म्हणाली, आणि हसली, "आय लेट हिम गो."

एक तारखेपासून घोड्यांकडे जातेय. पोचली की मेसेज करते, गाडी बंद केल्यावर.

आता तुम्ही ऐकून घेतलंत म्हणून कबूल करतो, यातलं एक रचलेलं आहे. नाही, आजीबाई खऱ्या. आयबिस खरा. गणपतीचा भाऊ तर खराच. ते चार आठवडे मी गाडी चालवली, ते खोटं. मी चालवली चार दिवस. पाचव्या दिवशी "निघेल, निघेल" झालं, आणि वीणाने हात पुढे केला. चावी दिली. उरलेले दिवस गाडी तिनेच चालवली, निहारिका शेजारी बसून बघत होती, आणि मी मागे, मांडीवर भाताचा द्रोण.

परवा मंडळात कोणीतरी म्हणालं, "काय शांत चालवते हो तुमची मुलगी, शिकवली कोणी?" मी घसा खाकरला, छाती पुढे काढली, तेवढ्यात पलीकडून वीणाने नुसतं माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "चहा घेणार का कोणी?"